सुराला शाबासकी, शब्दाला शिक्षा

कलावंतानं कला करावी, राजकारण करू नये, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज उच्चारलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं आणि खरी मागणी त्या दुसऱ्या वाक्यात असते. सरकारविरुद्ध, रूढीविरुद्ध किंवा बहुसंख्यांच्या भावनेविरुद्ध बोललेल्या कलावंताला पुरस्कार मिळाला, तर तो त्याच्या मतांना मिळालेला असतो, म्हणून तो देऊ नये आणि दिला असेल तर काढून घ्यावा, अशी ती मागणी. ती करणारे सगळेच दुष्ट हेतूनं करतात असं मी म्हणणार नाही. पुरस्कार राजकारणापासून अलिप्त राहावेत असं त्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटतं. पण ते जो उपाय सुचवतात त्यानं नेमकं उलटं घडतं. मतांपायी एक पुरस्कार रोखला गेला की त्या यादीतल्या बाकी प्रत्येक पुरस्काराचा अर्थ बदलतो. ज्याला तो मिळाला त्याला तो चांगलं गायल्याबद्दल मिळाला की चांगलं गाऊन वर गप्प बसल्याबद्दल, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर कुणाच्या अध्यातमध्यात न पडता साधना केली, त्यांच्या कलेवरही विनाकारण हा संशय बसतो. पालघर जिल्ह्यात, नवापूरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचं कारण नाही. इथे पुरस्कारही आले आहेत आणि बोलल्याबद्दल अटकही झाली आहे.

या वादाचं अलीकडच्या काळातलं सर्वात ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते नीट तपासण्यासारखं आहे, कारण त्यात आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे तारखांनिशी दिसतं. डिक्सी चिक्स हा तीन बायकांचा कंट्री संगीताचा गट. कंट्री हा तिकडच्या दक्षिणेकडच्या, ग्रामीण, परंपरानिष्ठ श्रोत्यांचा जिव्हाळ्याचा प्रकार, आणि या तिघी त्याच्या लाडक्या. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांच्या ‘होम’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, लंडनमधल्या एका मैफलीत मुख्य गायिका नॅटली मेन्स हिनं इराकवर होऊ घातलेल्या युद्धाला विरोध दर्शवला आणि राष्ट्राध्यक्ष बुश आपल्या टेक्सासचे आहेत याची लाज वाटते, असं म्हटलं. दहा दिवसांत युद्ध सुरू झालं. त्या वेळी या गटाचं, सैनिकाच्या आठवणीत झुरणाऱ्या मुलीचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ते बघता बघता खाली गेलं. क्युम्युलस या रेडिओ कंपनीनं आपल्या ४२ कंट्री केंद्रांवर या गटाची गाणी वाजवणं बंद केलं. लुइझियानात त्यांच्या सीडी रस्त्यावर टाकून त्यावरून ट्रॅक्टर फिरवला गेला. मे महिन्यात लास व्हेगासला कंट्री अकादमीच्या सोहळ्यात नामांकनात त्यांचं नाव घेतलं गेलं तेव्हा सभागृहातून हुर्यो उडाली. जुलैमध्ये डॅलसच्या कार्यक्रमाआधी मेन्सला जिवे मारण्याची धमकी आली आणि तरीही त्या गायल्या. तीन वर्षांनी त्यांनी ‘टेकिंग द लाँग वे’ हा अल्बम काढला. कंट्री रेडिओनं तो जवळपास वाजवलाच नाही, तरी तो विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. ११ फेब्रुवारी २००७ ला त्याला पाच ग्रॅमी मिळाले. त्यात वर्षाचा अल्बम, वर्षाचं रेकॉर्ड आणि वर्षाचं गाणं हे तिन्ही मोठे सन्मान होते. लगेच ओरड झाली की हा संगीताचा पुरस्कार नव्हेच, बुशविरोधकांनी मतपेटीतून दिलेला निषेध आहे.

या आक्षेपात काहीच तथ्य नाही असं म्हणणं अप्रामाणिक होईल. ग्रॅमी मतदानानं ठरतात, मतदार माणसं असतात, आणि २००७ पर्यंत अमेरिकेचा इराकबद्दलचा सूर बदलला होता. मत देताना काहींच्या मनात, यांच्यावर अन्याय झाला, हा विचार असेलच. पण मग हा विचार त्यांच्या मनात आला कुठून? फेब्रुवारी २००३ मध्ये याच ग्रॅमीवाल्यांनी याच तिघींना पुरस्कार दिला तेव्हा कुणीही राजकारणाचं नाव काढलं नव्हतं. त्या ग्रॅमीत आणि २००७ च्या ग्रॅमीत जे अंतर आहे ते चार वर्षांच्या शिक्षेचं आहे. ती शिक्षा गाण्याबद्दल नव्हती, एका वाक्याबद्दल होती. रेडिओनं, सोहळ्यातल्या हुर्योनं आणि ट्रॅक्टरनं त्यांचं गाणं आधी राजकीय करून टाकलं. त्यानंतर त्या गाण्याचं कौतुकही राजकीय दिसणार, हे ओघानंच आलं. एखाद्याच्या दारात भिंत बांधायची आणि तो भिंतीवरून चढून आला की हा सरळ दारातून का येत नाही म्हणून त्याला बोल लावायचा, असा हा प्रकार आहे. बरं, त्या अल्बमचं मुख्य गाणंच मुळी, झाल्या प्रकाराबद्दल आपण गोड बोलून मिटवून टाकायला तयार नाही, असं सांगणारं आहे. म्हणजे विषय राजकीय होता, पण ज्या अनुभवातून तो आला तो या तिघींनी भोगलेला होता. भोगलेलं गाण्यात आणू नका, असं सांगायचं असेल तर मग गाणं कशाचं करायचं, तेही सांगावं लागेल.

याला एक वजनदार उत्तर दिलं जातं. गायिकेला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, तसं श्रोत्याला न ऐकण्याचंही आहे. तिनं बोलावं आणि आम्ही सीडी विकत घेऊ नये, यात कुणावर अन्याय झाला? हे उत्तर मला मान्य आहे, पूर्णपणे मान्य आहे. ज्याला मेन्सचं वाक्य झोंबलं त्यानं तिचं तिकीट काढू नये, पत्र लिहावं, सभागृहाबाहेर फलक घेऊन उभं राहावं. हा त्याचा हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीनं गायक टी. एम. कृष्णा यांना ‘संगीत कलानिधी’ हा कर्नाटक संगीतातला सर्वात मानाचा किताब जाहीर केला, तेव्हा रंजनी-गायत्री या गायिका भगिनींनी त्या वर्षीच्या परिषदेतून माघार घेतली. कृष्णा द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांचा गौरव करतात आणि आपल्या संगीतपरंपरेचा अपमान करतात, असा त्यांचा आरोप होता. मला तो आरोप पटत नाही. पण त्यांनी स्वतःची मैफल सोडली, स्वतःचं नुकसान पत्करलं, आणि कारण सही करून जाहीरपणे सांगितलं. विरोध असाच करायचा असतो. माझं भांडण त्यापुढच्या पायरीशी आहे. मी ऐकणार नाही, इथपर्यंत श्रोत्याचा अधिकार. तुम्हालाही ऐकू देणार नाही, इथून सत्तेचा वापर सुरू होतो, मग ती सत्ता रेडिओ कंपनीची असो, जमावाची असो की सरकारची. क्युम्युलसच्या केंद्रांवर प्रत्येक गावातल्या श्रोत्यांचा कौल घेतला नव्हता. वरून हुकूम सुटला होता. म्हणूनच अमेरिकी सिनेटच्या समितीनं त्याच वर्षी सुनावणी घेऊन कंपनीच्या प्रमुखाला त्याबद्दल जाब विचारला. जाब विचारणारे सिनेटर जॉन मॅकेन बुश यांच्याच पक्षाचे आणि युद्धाचे पाठीराखे होते, हे इथे आवर्जून सांगायला हवं.

ही पायरी ओलांडली की काय होतं हे पालघरला कुणी शिकवायला नको. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेमुळे मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर, असा बंद भीतीपोटी पाळला जातो, अशा आशयाचा मजकूर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीनं तो नुसता ‘लाइक’ केला. जमाव जमला, तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली, आणि १९ तारखेला या दोन्ही मुलींना अटक झाली. ज्यांनी दवाखाना फोडला त्यांच्याआधी ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर कारवाई झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला. ज्या कायद्याच्या आधारे ही अटक शक्य झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि त्या याचिकेची सुरुवातच पालघरच्या या घटनेनं झाली होती. ज्यांना मजकूर आवडला नव्हता त्यांना तो न वाचण्याची, त्यावर खरमरीत उत्तर लिहिण्याची पूर्ण मोकळीक होती. त्यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. पुरस्कार परत घ्या म्हणणाऱ्यांची आणि अटक करा म्हणणाऱ्यांची जात वेगळी आहे, हे मान्य. पण दोघांचा तर्क एकाच ठिकाणाहून निघतो: माझ्या भावना दुखावल्या, तेव्हा कुणीतरी अधिकारी माणसानं त्याची भरपाई समोरच्याकडून वसूल करावी.

कृष्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आमच्या किनाऱ्याला लागून येते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी चेन्नईजवळच्या एन्नोरच्या खाडीत उभं राहून एक गाणं गायलं. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेनं आणि भरावानं ती खाडी मरत चालली होती, तिथल्या मच्छीमारांचा धंदा बुडत होता. कृष्णांनी ते गाणं बोलभाषेतल्या शब्दांत पण अस्सल रागदारीत बांधून म्हटलं, तोंडावर प्रदूषणाचा मुखवटा घेऊन. कर्नाटक संगीताच्या जाणकारांपैकी अनेकांना हे रुचलं नाही. सभागृहातलं संगीत घाणेरड्या खाडीत कशाला न्यायचं, हा त्यांचा सवाल. नवापूरकराला हा सवाल विचारून बघा. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी वाहिनीतून आमच्याच समुद्रात सोडलं जातं. रासायनिक कारखान्यांचं हे पाणी प्रक्रियेनंतर किती शुद्ध उरतं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, आणि २०२२ मध्ये लवादानं कारखान्यांवर आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरणाच्या हानीची भरपाई बसवली. अर्ज, सुनावणी, अहवाल, पुन्हा अर्ज, अशी ही लढाई लढायला मच्छीमारांच्या संघटनेला वर्षं लागली. या काळात एखाद्या मोठ्या गायकानं येऊन या पाण्यावर गाणं म्हटलं असतं, तर त्यानं राजकारण केलं असं आम्ही म्हटलं असतं का? ज्याच्या दारात सांडपाणी येतं त्याला ते गाणं बातमीसारखं वाटलं असतं. राजकारण आणि कला वेगळी ठेवा, हे सांगणं त्यालाच परवडतं ज्याच्या जगण्यात राजकारणानं अजून हात घातलेला नाही.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण आपल्याकडे जे घडलं ते अमेरिकेतल्यापेक्षा आणि चेन्नईतल्यापेक्षा अधिक वाईट होतं, आणि त्याबद्दल आपण फार लवकर बोलायचं थांबलो. चेन्नईत अकादमी आपल्या निर्णयावर ठाम राहिली. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावानं दिल्या जाणाऱ्या रोख पुरस्कारावरून न्यायालयीन वाद झाला, सर्वोच्च न्यायालयानं त्या नावापुरता निर्बंध घातला, पण १ जानेवारी २०२५ ला कृष्णांनी ‘संगीत कलानिधी’ स्वीकारला. महाराष्ट्रात ६ डिसेंबर २०२२ ला राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या इंग्रजी पुस्तकाच्या अनुवादाबद्दल अनघा लेले यांना पुरस्कार होता. पुस्तक लोकवाङ्मय गृहानं काढलेलं. १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला आणि तो पुरस्कार रद्द झाला. सोबत निवड समितीच बरखास्त झाली. बंदी असलेल्या माओवादी संघटनेचं उदात्तीकरण होतं, असं कारण मंत्र्यांकडून सांगितलं गेलं. या कारणाची तपासणी करू. पुस्तक तेव्हा दुकानात उघड विकलं जात होतं, त्यावर बंदी नव्हती, बंदी घालण्याचा प्रयत्नही सरकारनं केला नव्हता. म्हणजे वाचकानं ते वाचायला हरकत नव्हती, पण परीक्षकानं ते चांगलं म्हणायला हरकत होती. दुसरं, नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे या पुरस्काराच्या वर्षभर आधी, माओवादी पक्षानं कोबाड गांधींची आपल्यातून हकालपट्टी केल्याची बातमी आली, आणि त्याला निमित्त झालं होतं हेच पुस्तक. ज्या संघटनेचं उदात्तीकरण झाल्याचा आरोप, तिला स्वतःला ते उदात्तीकरण वाटलं नाही, उलट दगा वाटला. तिसरी गोष्ट तर अगदी साधी. पुरस्कार अनुवादाला होता. लेले यांचं मराठी कसं आहे, इंग्रजी वाक्य मराठीत नीट उतरलं आहे का, याचा निवाडा परीक्षकांनी केला होता. लेले यांना शिक्षा झाली ती दुसऱ्याच्या मतांबद्दल.

त्यावर उमटलेली प्रतिक्रिया मात्र महाराष्ट्राला शोभणारी होती आणि ती नोंदवली पाहिजे. प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर यांनी ‘भुरा’ला त्याच यादीत मिळालेला पुरस्कार नाकारला, आनंद करंदीकर यांनीही आपला परत केला. बाविस्करांचं आत्मकथन खानदेशातल्या एका खेड्यातून निघून तत्त्वज्ञानाच्या अध्यापनापर्यंत पोचलेल्या माणसाचं आहे. असा सन्मान अशा लेखकाला किती हवासा असेल याची कल्पना करता येते. तरी त्यांनी तो सोडला. मी सुरुवातीला जे म्हटलं त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. त्या यादीतला एक पुरस्कार काढल्याबरोबर दुसऱ्या मानकऱ्यांना आपला पुरस्कार स्वीकारणं अवघड झालं, कारण तो आता केवळ पुस्तकाला मिळालेला राहिला नव्हता.

इथे नेहमीचा प्रश्न येतो तो पैशाचा. खाजगी अकादमीनं कुणालाही डोक्यावर घ्यावं. पण सरकारी पुरस्कार जनतेच्या करातून दिला जातो, तो जनतेच्या शत्रूंचं गुणगान करणाऱ्याला का द्यावा? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यातून देतो. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात वारली आदिवासींची परिषद भरली आणि सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्धचा उठाव सुरू झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्याचे पुढारी. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर काही जण मारले गेले. त्यानंतर परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. स्वातंत्र्यानंतरही कम्युनिस्ट म्हणून त्यांना तुरुंग चुकला नाही. पुढे गोदावरीबाईंनी हा सगळा अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला, आणि १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्य अकादमी ही केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी संस्था. पुस्तकात पोलीस, सावकार, सरकारी अंमलदार यांच्याबद्दल काय लिहिलं आहे ते कुणीही वाचून पाहावं. मवाळ असं त्यात काही नाही. लेखिका तेव्हाही मार्क्सवादी पक्षाच्या नेत्या होत्या, निवृत्त वगैरे झालेल्या नव्हत्या. तरीही करदात्यांच्या पैशातून तो पुरस्कार दिला गेला आणि त्यामुळे हे राष्ट्र काही कोसळलं नाही. झालं एवढंच की डहाणू-तलासरीच्या जंगलातल्या वारल्यांची वेठ देशभरच्या वाचकांपर्यंत पोचली. करदात्यांमध्ये सरकारचे टीकाकारही असतात, तलवाड्याला मेलेल्यांचे नातेवाईकही असतात. सरकारी तिजोरी ही सत्तेवरच्या पक्षाची थैली नसल्यामुळेच परीक्षक मंडळ नेमायची पद्धत पडली. मंत्र्यानं स्वतः पुस्तक निवडू नये म्हणून परीक्षक, आणि परीक्षकांचा निकाल मंत्र्यानं फिरवायचा, मग परीक्षक हवेत कशाला?

माझ्या बाजूच्या लोकांनाही इथे एक कसोटी लावायला हवी, नाहीतर हा युक्तिवाद सोयीचा ठरेल. २०१५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांना महाराष्ट्र भूषण जाहीर झाला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत पुरोगामी मंडळी आघाडीवर होती. त्या विरोधाचे दोन भाग होते आणि ते एकमेकांत मिसळले गेले. पुरंदऱ्यांनी शिवचरित्र ज्या तऱ्हेनं मांडलं त्यात इतिहासाशी प्रामाणिकपणा आहे का, हा प्रश्न थेट त्यांच्या कामाबद्दलचा होता. शिवचरित्रासाठीच तो सन्मान असल्यामुळे तो विचारणं केवळ योग्य नव्हे, आवश्यक होतं, आणि त्या निमित्तानं इतिहासलेखनावर झालेली चर्चा महाराष्ट्राच्या उपयोगी पडली. पण कार्यक्रम होऊच देणार नाही, ही भाषा वेगळी. तिची झळ एवढी लागली की १९ ऑगस्टला तो सोहळा राजभवनावर कडक बंदोबस्तात उरकावा लागला. कामाची चिकित्सा कितीही कडक करा. निर्णय धाकानं बदलायला लावू नका, ही रेष मी कोबाड गांधींच्या पुस्तकासाठी मागत असेन, तर ती पुरंदऱ्यांसाठीही ओढायला हवी. हिंसेची चिथावणी देणाऱ्यालाही मग पुरस्कार द्यायचा का, असं कुणी विचारील. चिथावणी हा कायद्यानं गुन्हा आहे, तो सिद्ध करायला न्यायालय आहे, आणि सिद्ध झाला तर पुरस्काराचा प्रश्न फार दुय्यम राहतो. मत न आवडणं आणि गुन्हा सिद्ध होणं यांच्यामधली जागा मंत्र्यांच्या मर्जीनं भरून काढायची नसते.

ज्या राज्याचा जन्मच शाहिरांच्या डफावर झाला, तिथे गाणाऱ्यानं राजकारणात पडू नये हे सांगणं तर फारच अवघड आहे. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर हे लाल बावटा कलापथकाचे शाहीर संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव, मैदानामैदानांत गात होते, आणि तेव्हाच्या सरकारला ते नको होते. आज त्यांची जयंती सगळे पक्ष साजरी करतात. अण्णा भाऊंच्या चित्राचं टपाल तिकीट २००२ मध्ये निघालं. पण त्यांच्यासारखंच आज कुणी गायला तर? २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुण रॅपरनं सत्तांतरातल्या कथित खोक्यांवर एक रॅप केला, त्यात कुणाचं नावही घेतलं नव्हतं, आणि अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मेलेल्या शाहिराचा पुतळा आणि जिवंत शाहिरावर एफआयआर, असा हिशेब असेल तर त्या जयंत्यांना काय अर्थ उरतो?

आणि आता तारपा. २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे नव्वदी गाठलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं, आणि साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला. तो होण्यासारखाच होता. वाळलेल्या दुधीचा पोकळ भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा आणि सांधायला मेण, एवढ्याचं हे वाद्य. वाजवणारा मध्ये उभा राहतो, त्याच्याभोवती फेर धरला जातो, आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. हा सन्मान कलेचा होता याबद्दल कुणालाही शंका आली नाही, आणि येऊही नये. पण ज्या आदिवासी समाजातून हा तारपा आला त्याच समाजातले लोक आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार डहाणू तालुक्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आहेत. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते झाली. बंदर हवं की नको, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. रोजगाराची बाजू मांडणारेही इथलेच आहेत. मात्र उद्या एखाद्या वारली किंवा मांगेला तरुणांच्या गटानं तारप्याच्या सुरावर ‘वाढवण बंदर रद्द’ म्हटलं, गाणं चांगलं झालं, ते गावोगाव वाजलं आणि एखाद्या परीक्षक मंडळानं त्याला राज्याचा पुरस्कार दिला, तर तो टिकेल का? डिसेंबर २०२२ नंतर या प्रश्नाला ‘हो’ असं छातीठोक उत्तर देता येत नाही. म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. राज्याच्या साहित्य, संगीत, नाटक आणि चित्रपटाच्या पुरस्कारांच्या नियमावलीत एक कलम लेखी यावं की परीक्षकांचा जाहीर झालेला निर्णय वाङ्मयचौर्य किंवा प्रवेशाच्या नियमाचा भंग सिद्ध झाला तरच बदलता येईल, तोही त्याच परीक्षकांकडून आणि मानकऱ्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. आणि अनघा लेले यांना त्यांचा पुरस्कार परत मिळावा, म्हणजे त्या वर्षीच्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांनाही आपली नावं तिथे निर्धास्तपणे पाहता येतील.